पावसाळी ‘उद्वर्तन पॅकेज’: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे वाचवावेत

जून सरत आला की पुण्यात कोथरूडपासून औंध-बाणेरपर्यंतच्या पंचकर्म केंद्रांच्या फलकांवर एक नवी ओळ चढते: ‘क्लेदहर’, ‘मेदोहर’ नाहीतर सरळ ‘मॉन्सून डिटॉक्स’. नाव कुठलंही असो, आतला माल साधारण एकच. सात किंवा चौदा दिवस रोज उद्वर्तन, म्हणजे अंगाला कोरडं औषधी चूर्ण चोळणं, त्यावर पेटीतली वाफ, एक काढा, पथ्याचा छापील कागद आणि शेवटच्या दिवशी चूर्णांच्या पुड्यांची पिशवी. इथे कुठल्याही एका केंद्राला गुण द्यायचे नाहीत, पॅकेजमधला एकेक जिन्नस पारखायचा आहे. मत आधीच सांगून टाकतो. उद्वर्तन नीट होत असेल तर त्याचे पैसे जरूर द्यावेत, वाफेचे बहुतेकांनी वाचवावेत. ज्या कागदाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यावर मात्र सगळं काम अवलंबून असतं, आणि नेमका तोच बऱ्याच ठिकाणी चुकलेला असतो.

क्लेद म्हणजे शरीरातला ओलावा. तो हवाच. मूत्राने तो बाहेर वाहून न्यायचा आणि घामाने त्वचेत राखायचा, अशी कामाची वाटणी आयुर्वेदाने सांगितली आहे. बिघडतं ते तो वाढून साचला की. सकाळी उठताना अंग जड, जिभेवर पांढरा चिकट थर, घाम सुटूनही अंग मोकळं होत नाही, शौचाला चिकट आणि भांड्याला धरून राहणारी, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, काखेत नि जांघेत सतत ओल. मूळ बहुतेक वेळा मंदावलेल्या अग्नीत, म्हणजे पचनशक्तीत, सापडतं. खाल्लेलं पुरतं पचत नाही आणि त्या अर्धकच्च्या रसाचा चिकटपणा पुढच्या धातूंत, म्हणजे रक्त-मांस-मेद अशा शरीरघटकांत, उतरतो. म्हणून बाहेरून कितीही चोळलं तरी ताटात रोज दहीभात आणि त्यावर तीन तास झोप असेल, तर पॅकेज संपल्यावर पंधरा दिवसांत गाडी मूळ जागी येते.

काही लक्षणांना मात्र क्लेद म्हणून सोडून देऊ नये. घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहतो, चढण चढताना दम लागतो, लघवी कमी होते किंवा तिला फेस येतो, चेहरा सकाळी सुजलेला असतो, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड तपासून घ्यावं. वारंवार लघवी आणि न भागणारी तहान असेल तर रक्तातली साखर. हे न विचारता थेट टेबलावर झोपवणारं केंद्र असेल तर तिथून उठून यावं.

आता उद्वर्तन. कोरडं औषधी चूर्ण खालून वर, केसांच्या उलट दिशेने, दाब देऊन चोळायचं, एवढीच ही क्रिया. कफ कमी करणं, मेद विरघळवणं, अवयवांना घट्टपणा आणि त्वचेला तजेला देणं असे तिचे गुण प्राचीन आयुर्वेद-ग्रंथकार वाग्भटाने सांगितलेत. ‘इंच लॉस’ त्या यादीत नाही. आठवड्यात अमुक किलो उतरवण्याची हमी फलकावर दिसली, तर ते वजन बहुधा वाफेत गेलेल्या पाण्याचं असतं आणि दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं.

सर्वांगाला एका बैठकीत २०० ते २५० ग्रॅम चूर्ण लागतं. शंभर ग्रॅममध्ये उरकणारे पाय आणि पाठ करतात, पोट नि दंड नुसते पुसतात. चूर्णात काय काय आहे हे विचारायला संकोच नको. कुळीथ, त्रिफळा, नागरमोथा आणि लोध्र ही नावं यायला हवीत. फार जडपणा असेल तर थोडं वेखंड. पुष्कळ ठिकाणी कोलकुलत्थादि चूर्णाचा डबा सरसकट वापरतात. ते चूर्ण चांगलं आहे, पण मुळात वाताच्या दुखण्यावर लेपासाठी सांगितलेलं. त्यात उडीद आणि जवस आहेत, दोन्ही स्निग्ध. गुडघे धरलेल्या माणसाला ते ठीक. चिकट घाम नि जडपणा ही तक्रार असेल तर त्रिफळा-कुळथाचं मिश्रण मागावं.

चूर्ण किती बारीक, यावर अर्धी क्रिया ठरते. वस्त्रगाळ असेल तर दमट हवेत अंगावर लगदा होतो. भरड असेल तर ओरखडे उठतात. बेसनापेक्षा किंचित जाड, चिमटीत घासल्यावर कण जाणवतील पण टोचणार नाहीत, इतपत हवं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोमट करून मगच ते घ्यायला हवं. जुलैत पुण्यात उघड्या बरणीतलं चूर्ण दोन दिवसांत ओल धरतं. गुठळ्या झालेलं, कुबट वासाचं चूर्ण कुणी अंगाला लावायला आणलं तर सरळ नाही म्हणावं.

हात कसा चालतो ते बघा. दोन परिचारक दोन बाजूंना, एकाच लयीत. घोट्यापासून कमरेकडे, मनगटापासून खांद्याकडे. वर जाताना दाब, खाली येताना हात हलका. पोटावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल. चेहरा आणि गळ्याची पुढची बाजू टाळायची. तीस ते चाळीस मिनिटांत त्वचा सगळीकडे सारखी गुलाबी आणि उबदार व्हायला हवी. लाल रेघा उठल्या किंवा अंघोळीच्या वेळी अंग चुरचुरलं तर दाब तरी जास्त झालाय किंवा चूर्ण जाड आहे.

सगळ्यात जास्त घोळ तेलाने होतो. ‘आधी संपूर्ण अभ्यंग, मग उद्वर्तन’ हे ऐकायला भरगच्च वाटतं, पण तेलाने निथळणाऱ्या अंगावर चूर्ण टाकलं की कणीक तयार होते, आणि तिने ना क्लेद हलतो ना मेद. त्वचा कोरडी असेल तर २०० ग्रॅम चूर्णातच दोन-तीन चमचे तीळतेल चोळून घ्यावं, तेवढं पुरे. दुसरा त्रास केसाळ पायांना आणि पाठीला होतो. उलट दिशेने जोरात घासल्यावर दुसऱ्या दिवशी केसांच्या मुळाशी बारीक लाल पुटकुळ्या येतात. तेल आणि चूर्ण मिळून छिद्रं बुजली की हे घडतंच. तीन-चार दिवस थांबावं, पुढे दाब कमी करावा, आणि दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या भागावर त्या दिवशी हात लावू देऊ नये. सांडलेलं चूर्ण गोळा करून दुसऱ्या माणसाला वापरणं हा तिसरा प्रकार. टेबलावरची चादर तुमच्यासमोर घातली गेली का, एवढं बघितलं तरी कळतं.

गजकर्ण किंवा नायटा असताना उद्वर्तन अजिबात नको. घासल्याने तो अंगभर पसरतो. जांघेतली गोल कडांची खाज पावसाळ्यात फार, आणि बरेच जण तीच ‘क्लेदाची’ म्हणून घेऊन येतात. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून औषध, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, मग बाकी सगळं. इसब, सोरायसिस, उघडी जखम, पायावर फुगलेल्या शिरा, ताप, पाळीचे दिवस आणि गरोदरपण, यांतही नको. हाडं दिसणाऱ्या, कोरड्या अंगाच्या माणसाला तर या पॅकेजची गरजच नाही; असलीच तर ती पॅकेज विकणाऱ्याला असेल.

घरी करायचं असेल तर कुळीथ २०० ग्रॅम मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, गार करून दळावेत. त्यात त्रिफळा चूर्ण १०० ग्रॅम, नागरमोथा ५० आणि लोध्र ५० मिसळून एकदा चाळून घ्यावं. एका वेळेला ६०-७० ग्रॅम, पंधरा मिनिटं, उपाशीपोटी. मग कोमट पाण्याने साबणाशिवाय अंघोळ. मोरीत उभं राहून चोळू नका. कुळथाचं पीठ ओलं झालं की जाळीत बसून दगड होतं. खाली जुनी चादर पसरून चोळावं, चादर झटकून मग अंघोळीला जावं. दिवाळीचं सुगंधी उटणं या कामाचं नाही. त्यात कपूरकाचरी, गव्हला कचोरा नि गुलाबपाकळ्या वासासाठी असतात, आणि ते दळलेलंही फार बारीक असतं.

पेटीतल्या वाफेबद्दल आमचं मत कडक आहे. अंग जड, घाम कमी, हातपाय गार अशा कफाच्या माणसाला पाच ते सात मिनिटं वाफ चांगली, डोकं बाहेर आणि कपाळावर ओला रुमाल ठेवून. पण ज्याला मुळातच घामाच्या धारा लागतात, त्याला आणखी घाम काढून काय साधायचं? त्याला लोध्र आणि वाळा घातलेलं चूर्ण चोळून सरळ अंघोळीला पाठवावं. मधुमेहींचा प्रश्न याहून गंभीर आहे. ज्यांना स्वेदन, म्हणजे घाम काढण्याचा उपचार, करू नये त्यांच्या यादीत चरकाने मधुमेही स्पष्ट घातला आहे. आजच्या भाषेत त्याचं एक कारण सांगता येतं. पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग भाजलेलं कळत नाही, आणि जखम भरायला महिने लागू शकतात. तरी ‘पॅकेजमध्ये आहे’ म्हणून सगळ्यांना पेटीत बसवतात. वाफ वगळून किंमत कमी करून मागावी, बऱ्याच ठिकाणी देतात.

काढ्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. सुंठ, धणे, जिरे, दालचिनी, आणि प्यायला बरं लागावं म्हणून गूळ. गूळ घातला की उद्देशच संपला. एक लिटर पाण्यात नागरमोथ्याची भरड एक चमचा आणि सुंठेची पूड पाव चमचा घालून पाऊण लिटर उरेपर्यंत उकळावं, गाळून थर्मासमध्ये भरावं आणि तहान लागेल तसं दिवसभर प्यावं. आम्लपित्ताचा त्रास असेल तर सुंठ वगळून धणे घालावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या सुंठेआधी डॉक्टरांना विचारावं. सुंठ घेताना पांढरीशुभ्र घेऊ नका. ती चुन्यात घोळलेली असते. बोटाला पांढरी भुकटी लागते आणि लिंबाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. मातकट रंगाची, मोडताना तंतू दिसणारी सुंठ खरी.

आता तो कागद. बहुतेक केंद्रांत तो एकच असतो, बारा महिने सगळ्यांना. त्यात सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू असतं, आणि आयुर्वेदाला गरम केलेला मध मान्यच नाही. नाश्त्याला मोड आलेली कच्ची कडधान्यं असतात. ती रुक्ष आणि पचायला जड, मंद अग्नीला दोन्हीकडून मार. अकरा वाजता सातूचं सरबत असतं. पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ, म्हणजे उदमंथ, वर्षा ऋतूत टाळायला सांगितलं आहे. ते चैत्र-वैशाखाचं पेय. ‘दिवसाला चार लिटर पाणी’ हेही हटकून असतं. मुतखड्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी साचलेल्या ओलीवर पाणी ओतण्यात शहाणपण कसलं?

त्या जागी काय असावं? पहिलं नाव जवाचं. प्रमेह, म्हणजे क्लेद वाढून होणारा मुख्य आजार, त्यात जव हेच प्रमुख अन्न सांगितलंय. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात आणि पेठांतल्या जुन्या किराणा दुकानांत ते मिळतात. ‘सातूचं पीठ’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यात गहू, डाळं आणि कधी साखर-वेलचीही असते, म्हणून अख्खे जव घ्यावेत. पांढरे, घासून गुळगुळीत केलेले दाणे पेजेला बरे; भाकरीला कोंड्यासकट असलेले. एक किलो जव निवडून कढईत लहान आचेवर दहा-बारा मिनिटं भाजावेत. दाणे तडतडले, रंग एक छटा गडद झाला की उतरावेत. त्यात अर्धा किलो ज्वारी घालून गिरणीतून आणावं. नुसत्या जवाची भाकरी थापताना कडेने फाटते, म्हणून पाणी उकळतं घ्यावं आणि पीठ दहा मिनिटं झाकून मग मळावं. आठवड्याला तीन-चार जेवणांत एक-एक भाकरी, इथून सुरुवात करावी. एकदम दोन्ही वेळ जव सुरू केले की पोट फुगतं. जव रुक्ष आहेत. भाकरीवर चमचाभर तूप आणि आमटीला हिंग असेल तर वात बिघडत नाही. ग्लूटेन चालत नाही त्यांनी जव खाऊ नयेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलताना साखर जास्त वेळा तपासावी. जेवण हलकं झालं आणि मात्रा तीच राहिली तर साखर फार खाली जाऊ शकते.

भात सोडायला सांगितलं तर पुणेकर कागदच सोडेल. तेव्हा भात राहू द्या, तांदूळ बदला. मावळातला इंद्रायणी दिवाळीनंतर बाजारात येतो आणि पावसाळ्यात तो जेमतेम सात-आठ महिन्यांचा असतो. मऊ, चिकट, खायला सुंदर आणि क्लेदाला नेमका चुकीचा. वर्षभर जुना तांदूळ मागावा. न मिळाल्यास कोरड्या कढईत पाच मिनिटं भाजून मग धुऊन शिजवावा, तेवढ्यानेही तो हलका होतो.

दही रात्री तर नकोच, पावसाळ्यात दिवसाही नको. ताक चालतं, पण दह्यात पाणी ढवळलं की ताक झालं असं नाही. चार वाट्या दह्याला एक वाटी पाणी घालून रवीने घुसळावं, लोणी पूर्ण काढावं, त्यात सुंठ आणि सैंधव घालावं. दुपारच्या जेवणाबरोबर एक वाटी. भाज्यांत पडवळ, दोडका, दुधी, कारलं, शेवगा. आषाढात मंडईच्या बाहेर टाकळ्याच्या जुड्या दिसतात, त्या सोडू नयेत. टाकळा कफ आणि त्वचेच्या खाजेवर नावाजलेला आहे. कोवळी पानंच घ्यावीत, लसणाची फोडणी आणि मूठभर मूगडाळ. पोट साफ करणारा असल्याने एका वेळेला वाटीभर पुरे. कुळथाचं पिठलं आठवड्यातून दोनदा: एक वाटी पिठाला पाच वाट्या पाणी, लसूण, कोकम, आणि गुठळी होऊ नये म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवून. आंबट ढेकर येणाऱ्यांनी किंवा मूळव्याधीतून रक्त पडणाऱ्यांनी कुळीथ टाळावा.

श्रावणाचा कागद वेगळा छापायला हवा, आणि तो कुणीच छापत नाही. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असं करत साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि वर गोड दही. हा उपास अग्नीला नव्हे, क्लेदालाच पोसतो. वरीचे तांदूळ भाजून त्याचा मऊ भात, आमसुलाचं सार, राजगिऱ्याची भाकरी, एवढ्यावर उपास व्यवस्थित निभावतो.

राहिली दुपारची झोप. एक ते चार हा पुण्याचा राखीव काळ, त्याला हात लावण्याची कुणाची छाती नाही. पण दिवसा आडवं होऊन झोपणं फक्त ग्रीष्मात मान्य आहे. पावसाळ्यात ते कफ आणि मेद दोन्ही वाढवतं. तडजोडीला शास्त्रात जागा आहे. बसल्या बसल्या काढलेली डुलकी रुक्षही नाही आणि ओल वाढवणारीही नाही, असं चरकाने म्हटलंय. आरामखुर्ची, वीस मिनिटं, गजर लावून.

शेवटच्या दिवशीची पिशवी नाकारली तरी चालते. त्रिफळा, त्रिकटू आणि मधाची बाटली, सगळं तुळशीबाग-मंडई भागातल्या काष्ठौषधीच्या दुकानात सुटं मिळतं. त्रिफळ्याचं तयार चूर्ण घेण्यापेक्षा बी काढलेल्या हरड्याची, बेहड्याची आणि आवळ्याची साल समभाग वजनाने घेऊन दळावी. बियांसकट दळलेलं चूर्ण फिकट आणि करकरीत लागतं. हरडा पाण्यात टाकून बघावा, चांगला असेल तर बुडतो. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस. मध वर्षभर जुना असेल तर लेखन करतो, म्हणजे साचलेला कफ-मेद खरवडतो, नवा मध उलट पोषण करतो. बाटलीत खडे धरले म्हणून मध भेसळीचा ठरत नाही. एक चमचा साध्या पाण्यात, सकाळी. साखरेचा आजार असेल तर हा चमचाही हिशेबात धरावा. त्रिकटूची पुडी वैद्याने नाडी-जीभ पाहून दिली असेल तरच घ्यावी. सुंठ, मिरी, पिंपळी तिन्ही तिखट, आणि जळजळणाऱ्या पोटात ती आग लावते.

एक जिन्नस मात्र पॅकेजमध्ये असायला हवा होता आणि कुठेच नसतो: कपड्यांची धुरी. चिखल्या आणि जांघेतली ओल अर्धवट वाळलेल्या कपड्यांमुळेच टिकते. निखाऱ्यावर गुग्गुळ, वेखंड, ओवा आणि कडुनिंबाची वाळकी पानं चिमूट-चिमूट टाकून वर वेताची टोपली पालथी घालावी, टोपलीवर आतले कपडे आणि मोजे दहा मिनिटं पसरावेत. खिडकी उघडी हवी, निखारे राखेखाली झाकलेले हवेत, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर धुरीऐवजी गरम इस्त्री फिरवावी. चिखल्यांवर मेंदीच्या पानांचा लेप रात्री लावतात, तो चांगला. मधुमेहींनी मात्र घरगुती प्रयोग न करता पाय दाखवून यावेत.

हे सगळं भाद्रपद संपेपर्यंत. पाऊस ओसरून आश्विनातलं ऊन तापलं की पित्त उसळतं; त्या दिवसांत उद्वर्तन, कुळीथ आणि सुंठेचं पाणी चालू ठेवलं तर अंगावर पित्त उठतं, डोळे जळजळतात. चौदा दिवसांचं पॅकेज सप्टेंबरच्या शेवटी सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत त्यासाठीच असते.